साठ नगांचं किट नको, एक धड सोल्डरिंग आयर्न घ्या

तुडील, ता. महाड.

कालपासून उघडीप आहे. भातावर निळे भुंगेरे दिसायला लागलेत म्हणून सकाळी पंप पाठीला लावला. दुसरी टाकी अर्धी झाली आणि पंप गप्प. उघडून बघितलं तर स्विचची वायर सुटलेली. घरी आलो, वायर सोल्डर केली, चहा घेतला आणि परत शेतात. अर्धा तास गेला असेल, पण फवारणी आजच्या आज झाली.

मागच्या वर्षी हेच झालं तेव्हा पंप दुरुस्तीला टाकला होता. दुकानदार म्हणाला, "दादा, ठेवून जा, उद्या देतो." उद्याचे आठ दिवस झाले. उघडीप दोनच दिवस टिकली, मग पुन्हा पाऊस, आणि भुंगेऱ्यांनी खाचरभर पानं पांढरी केली. पंप हातात आला तेव्हा साडेतीनशे रुपये मोजले. काम काय केलं होतं? चार्जिंगच्या सॉकेटला एक वायर जोडली होती. पैशाचं दुःख नाही मंडळी, त्या दोन दिवसांचं आहे. ते दोन दिवस कोण भरून देणार?

त्याच गणपतीला मुंबईहून पुतण्या आला. येताना त्याने मोबाईलवरून मागवलेलं किट आणलं. साठ नग! चिमटे, पाच टोकं, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, छोटी कैची, वर चकचकीत पेटी. पोरगा मनापासून घेऊन आला, त्याला काय बोलणार. पण स्टँड इतकं हलकं की आयर्न ठेवलं की उलटायचं. टोकं आत सैल बसायची, त्यामुळे उष्णता पुढे यायचीच नाही. सोबतची सोल्डर वायर गोळी होऊन खाली पडायची, तांब्याला धरायचीच नाही. चौथ्या दिवशी आयर्न तापायचं बंद झालं. पेटी आता शिवणाच्या सुया ठेवायला घरात आहे.

गेल्या आठवड्यात तिघांनी विचारलं, "भाऊ, शिकायला कुठलं किट घेऊ?" आणि तिघांनी असलंच चित्र दाखवलं. म्हणून आज जरा रागानेच लिहितोय. साठ नगांच्या पैशात साठ वस्तू येतात, हे गणित आपल्याला खरं वाटतंच कसं? बैल घेताना आपण शिंगं, खूर, दात बघतो. घुंगरमाळ किती मण्यांची आहे, हे बघून बैल कोणी घेत नाही.

तर नवख्या माणसाने घ्यायचं काय?

एक, आयर्न. पुस्तकात आणि व्हिडिओत सगळे सांगतात, शिकायला 25 वॅट पुरे. मुंबई-पुण्यात पुरेल. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज किती असतं ते आठवा. 230 च्या जागी 180 व्होल्ट आले तर 25 वॅटचं आयर्न जेमतेम 15 वॅटचं होतं, कारण व्होल्टेज जितकं उतरतं त्याच्या वर्गाच्या हिशोबाने ताकद उतरते. मग वायर तापत नाही, आपण दाबत बसतो, आणि प्लास्टिक मात्र वितळतं. म्हणून गावात राहणाऱ्याने 60 वॅटचं, तापमान कमी-जास्त करायचं बटण असलेलं घ्यावं. 180 व्होल्टवरही ते 36-37 वॅट देतं. साधं 25 वॅटचंच परवडत असेल तर सोल्ड्रॉनसारखं माहितीतलं घ्या, ज्याचं टोक आणि आतलं एलिमेंट सुटं मिळतं, आणि काम दुपारी करा. ज्याचं टोक सुटं मिळत नाही ते आयर्न फुकट दिलं तरी घेऊ नका.

दोन, सोल्डर वायर. इथे पैसे वाचवू नका. 60/40 लिहिलेली घ्या, म्हणजे 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसं. ती साधारण 183 ते 190 अंशांना वितळते. बिनशिशाची 227 अंशांच्या आसपास वितळते, नवख्या हाताला ती जड जाते. वायरच्या पोटात राळ असते, ती तांब्यावरचा काळा थर काढते. कल्हईवाला भांड्यात आधी नवसागर टाकून घासायचा आणि मग कथील फिरवायचा, तेच हे काम. मात्र नळाच्या किंवा पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट वायरींना लावू नका. आपल्या दमट हवेत ती सांधा आतून खाऊन टाकते.

तीन, जड स्टँड आणि ओला स्पंज. चार, वायर सोलायचा चिमटा. पाच, साधा मल्टिमीटर. सहा, तापवल्यावर आवळणारी नळी, कारण चिकटपट्टीचा गोंद आपल्या एका पावसाळ्यात सुटतो. संपलं किट. माझा सगळा खर्च दीड हजाराच्या आत बसला. सगळं एकदम घ्यायची गरजही नाही, पहिल्या तीन वस्तूंवर सुरुवात होते. कोणी चाकरमानी गावाला येत असेल तर त्याला सांगा, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. हातात घेऊन, टोक हलवून बघून आण म्हणावं.

आता पद्धत. आधी बॅटरीची वायर काढा. टोक तापलं की त्यावर थोडं सोल्डर फिरवा, ते चकाकलं पाहिजे. मग आयर्न तांब्याला टेकवा आणि सोल्डर तांब्याला लावा, आयर्नच्या टोकाला नाही. तांबं तापलं की सोल्डर आपोआप आत ओढलं जातं, वातीत तेल चढावं तसं. गार होईपर्यंत वायर हलवू नका. टोक काळं पडलं म्हणून कानशीने घासू नका. नुसत्या तांब्याचं टोक असेल तर चालतं, पण लोखंडाचा मुलामा दिलेलं टोक घासलं की मेलं. आणि काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका, भाकरीला हात लावू नका. शिसं धुरातून कमी आणि बोटांवरून जास्त पोटात जातं. धूर राळेचा असतो, तोही नाकात घेऊ नका. पडवीत बसा.

काही ठिकाणी सोल्डर लावायचंच नाही, हेही आत्ताच सांगतो. विहिरीच्या मोटारीच्या केबलला नाही, तिथे लग दाबूनच जोड द्यायचा. करंट जास्त झाला की सोल्डरचा सांधा तापून सुटतो. लिथियमच्या सेलवर थेट नाही, सेल फुटू शकतो. आणि डुकरांसाठी लावलेलं झटका मशीन उघडायचं नाही. बंद केल्यावरही आत जिवाला धोका होईल इतका करंट साठून राहिलेला असतो. त्याच्या बाहेरच्या 12 व्होल्टच्या वायरी तेवढ्या आपल्या.

आता मला काय ऐकवतात ते सांगतो. "हे आपलं काम आहे का? शेतकऱ्याने शेती करावी." अहो, नांगराचा फाळ सैल झाला तर आपण सुताराची वाट बघत बसायचो का? पाचर ठोकायचो आणि पुढे जायचो. आज शेतात बॅटरीचा पंप आहे, सोलरचा दिवा आहे, झटका मशीन आहे, डोक्याला लावायची बॅटरी आहे. यातलं बरंचसं बंद पडतं ते एका सुटलेल्या वायरीने. अवजार बदललं, पाचरही बदलली.

दुसरे म्हणतात, "वायर पिळून पट्टी मारली की झालं." होतं, आठ दिवस. मग आत हिरवं चढतं आणि ऐन बांधावर दगा देतं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि पहिल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं घेतली. मोबाईल, घरातली उपकरणं, गाड्यांच्या बरोबरीने. चांगलंच झालं. कंपन्यांनी सुटे भाग द्यावेत, माहिती द्यावी, हे मागितलंच पाहिजे. पण उद्या हक्क मिळाला आणि आपल्याला दोन वायरी जोडता येत नसतील, तर त्या हक्काचं करायचं काय? पंप पुन्हा त्याच दुकानात जाणार आणि आपण पुन्हा "उद्या देतो" ऐकणार.

शिकायला नवीन वस्तू लागत नाही. घरात एखादा मेलेला चार्जर, जुना रेडिओ असतोच. त्याच्या वायरी काढा, पुन्हा जोडा, पन्नास वेळा. सुरुवातीचे वीस सांधे माझेही शेणाच्या गोवऱ्यांसारखे झाले होते. मग हात बसला.

तो पुतण्या या गणपतीला पुन्हा येतोय. त्याला फोन करून सांगितलंय, किट आणू नकोस, 60/40 ची एक रीळ आण. शेजारच्या दोघांचे पंप पडवीत येऊन पडलेत. पैसे घेणार नाही, पण अट घातलीय, आयर्न तुम्ही धरायचं, मी नुसता बघणार.

उघडीप उद्या आहे म्हणतात. तुमचा पंप चालू आहे ना, आजच बघून ठेवा.