नानी थांबायची तिथे

जुन्नरच्या नानीच्या ओव्यांची एक कॅसेट आमच्या घरात आहे. गेल्या रमजानमध्ये भाच्याने ती मोबाईलवर उतरवली आणि सॉफ्टवेअरने रिकामे भाग काढून टाकले. चाळीस मिनिटांची सव्वीस झाली. "मामू, फालतू जागा काढली," म्हणाला.

मी ऐकलं आणि गप्प बसलो. लहानपणी वारलेल्या लेकाचं नाव ओवीत आलं की नानी थांबायची. आता ती कुठेच थांबत नाही.

यंत्राला शांतता कळत नाही, फक्त आवाजाची पातळी कळते. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. ते ठरलेल्या पातळीखाली ठरलेला वेळ राहिले की तो भाग शांततेचा. एफएफएमपेग या मोफत साधनात आपण काही बदललं नाही, तर ही पातळी उणे ६० डेसिबल, म्हणजे कमाल पातळीचा हजारावा भाग, आणि वेळ २ सेकंद. जुन्या कॅसेटची सूंसूं बहुधा याहून मोठी असते, म्हणून लोक पातळी वर चढवतात. मग ओवीचा शेवटचा दबका शब्दही शांततेत जमा होतो. गंमत म्हणजे जातं फिरत असेल, तर बाई गप्प असली तरी यंत्राला शांतता सापडत नाही!

थांबण्याला अर्थ असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कुरआनात कुठे थांबायचं त्याच्या खुणा छापलेल्या असतात. 'सकता' म्हणजे तर श्वास न घेता क्षणभर थांबणं. तो क्षण कापला तर तिलावतच चुकली.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आपल्या घरांतल्या हळदीच्या, मिलादच्या कॅसेट मात्र कपाटात बुरशी खात पडल्यात, आणि त्या उतरवणारी पोरं घाईत आहेत. त्यांना अडवू नका. फक्त सांगा, शांततेवर खुणा करा, कापू नका; मूळ फाईल अख्खी ठेवा आणि कॅसेट फेकू नका.

आमची मूळ फाईल भाच्याने पुसून टाकली होती. कॅसेट शाबूत आहे. मंचरला एका दुरुस्तीवाल्याकडे चालू टेपरेकॉर्डर आहे म्हणतात. रविवारी जातोय, भाचाही येतोय.