‘उत्कृष्ट’ खडकाचा फसवा आकडा

उत्तराखंडातील सिलक्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी दरड कोसळून ४१ कामगार १७ दिवस अडकून पडले. तेलंगणातील श्रीशैलम डाव्या कालव्याच्या बोगद्यात २२ फेब्रुवारी २०२५ रोजी आठ जण अडकले. दोन्ही ठिकाणचा खडक निराळा. मात्र पुढे कोणता खडक लागणार हे खोदाईपूर्वी कितपत कळते, हा प्रश्न यामुळे पुन्हा ऐरणीवर आला आहे.

या प्रश्नाचे प्राथमिक उत्तर अभियंते एका टक्केवारीत शोधतात. अमेरिकी अभियंता डॉन डीअर यांनी १९६४ मध्ये रूढ केलेल्या या निर्देशांकाला ‘आरक्यूडी’ म्हणतात. विंधन छिद्रातून काढलेल्या गाभ्याचे १० सेंटीमीटर वा त्याहून लांब अखंड तुकडे मोजायचे, त्यांच्या बेरजेला विंधनाच्या एकूण लांबीने भागायचे. दीड मीटरमध्ये असे तुकडे १०५ सेंटीमीटर भरले, तर आरक्यूडी ७० टक्के, म्हणजे ‘मध्यम’. नव्वदच्या पुढे ‘उत्कृष्ट’, पंचविसाच्या खाली ‘अतिनिकृष्ट’.

पद्धत स्वस्त आणि सुटसुटीत. धोकाही तिथेच आहे. दर ११ सेंटीमीटरवर भेग असलेल्या खडकाला १०० टक्के मिळतात, तर दर ९ सेंटीमीटरवर भेग असलेल्याला शून्य! भेगेत चिकणमाती भरली आहे की ती कोरडी व खरबरीत आहे, हे या आकड्याला कळत नाही. म्हणूनच पुढे १९७३ मध्ये बिनियाव्स्की आणि १९७४ मध्ये बार्टन व सहकाऱ्यांनी भेगांची स्थिती, पाणी असे घटक जोडून व्यापक वर्गीकरणे मांडली. बिनियाव्स्कींच्या १९८९ च्या सुधारित पद्धतीत १०० पैकी आरक्यूडीला जास्तीत जास्त २० गुण आहेत, तर भेगांच्या स्थितीला ३०.

महाराष्ट्रात तर दिशेचा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. दख्खनच्या घट्ट बेसॉल्टमध्ये उभ्या भेगा पुष्कळ असतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे स्तंभ ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे वेगळे सांगायला नको. अशा खडकात उभे छिद्र घेतले की ते दोन भेगांच्या मधून सरळ खाली जाते आणि गाभा अखंड निघतो. आकडा ‘उत्कृष्ट’ येतो. आडवा जाणारा बोगदा मात्र त्या प्रत्येक भेगेला छेदत पुढे सरकतो. तिरपी छिद्रे घेणे हा यावरचा जुना उपाय. त्यांना खर्च अधिक येतो, वेळही लागतो.

दुसरी अडचण मोजणाऱ्याची. गाभा यंत्राच्या धक्क्याने तुटला असेल, तर ते तुकडे जोडून मोजायचे असतात. पण नैसर्गिक भेगेलाही ‘यंत्राची तूट’ म्हटले की आकडा वर चढतो. या आकड्यांवरच पोलादी कमानी, खडकबोल्ट यांचा अंदाज आणि निविदेतील रक्कम आधारलेली असल्याने ही बाब किरकोळ नाही. गाभा नळीतून बाहेर येताच, पेटी हलवण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घेतलेली असतील आणि गाभा जपून ठेवलेला असेल, तरच पुढे वाद झाल्यास कुणाला तो पुन्हा तपासता येतो.