रियोकानमध्ये राहा, पण जेवणाचे पैसे भरू नका



आपल्या मंडळातल्या दोन घरांचं येत्या नोव्हेंबरात जपानला जायचं ठरतंय. लाल पानांचा हंगाम बघायचा आहे, आणि एक-दोन रात्री तिथल्या जुन्या पद्धतीच्या रियोकानमध्ये राहायचं आहे. "काकू, तुम्ही दोनदा जाऊन आलात, जेवणाचं कसं करायचं?" असा फोन आला. फोनवर मी दोन वाक्यांत सांगितलं, पण खरं उत्तर मोठं आहे आणि त्यात माझी एक चूक आहे. ती लपवून उत्तर देता येणार नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी रियोकान म्हणजे काय ते सांगते. दारातच चपला काढायच्या. खोलीत गवताच्या विणीच्या चटया, त्यांना तातामी म्हणतात. खाट नाही, बसायला जमिनीवर उशी आणि पुढ्यात बुटकं मेज. संध्याकाळी कपाटातून गाद्या काढून जमिनीवर अंथरतात आणि सकाळी उचलतात. आपल्या आजीच्या माजघराची आठवण यावी असं सगळं. यजमानीण असते तिला ओकामी म्हणतात. घरची कर्ती बाईच ती, सगळं तिच्या नजरेखालून जातं.

हंगामही आपल्याला सोयीचा आहे. पानं आधी उत्तरेला होक्काइदोच्या डोंगरांत सप्टेंबरात रंगतात, निक्कोला ऑक्टोबरात आणि क्योतोला नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. म्हणजे चातुर्मास आणि दिवाळी आटोपून निघता येतं. या पानं बघायला जाण्याला ते 'मोमिजिगारी' म्हणतात. मोमिजी म्हणजे मेपलची लाल पानं, आणि गारी म्हणजे शिकार! मुलाने अर्थ सांगितला तेव्हा मी म्हटलं, चला, ही एक शिकार आपल्याला चालण्यासारखी आहे.

आता चुकीकडे येते.

मुलगा तेव्हा नोकरीसाठी ओसाकाला होता. पहिल्या वेळी आम्ही गेलो तेव्हा त्याने डोंगरातल्या एका गरम झऱ्याच्या गावी रियोकान ठरवलं. तिथे भाडं खोलीवर नसतं, माणशी असतं, आणि त्यात रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. हंगामाचे दिवस, जेमतेम एक खोली मिळाली. मुलगा म्हणाला, "आई, जेवणासकट घेऊ, पैसे भरू, खायचं नाही. आपल्या दशम्या आहेतच." मीही मान डोलावली. नियम मोडत नाही ना, मग झालं, असं मला वाटलं. रियोकानला आम्ही काही कळवलंही नाही.

तिथे नोव्हेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सव्वाचारलाच आम्ही खिडकीशी बसून दशम्या, मेतकूट आणि तिथलीच पर्सिमॉनची फळं खाल्ली, पाणी प्यायलो, त्याग घेतला. सहा वाजता दार सरकलं आणि एक मध्यमवयीन बाई गुडघ्यांवर बसून एकेक ताट आत घेऊ लागली. प्रत्येक ताटात काडीला टोचून मिठात भाजलेला नदीतला अख्खा मासा. तिघांचे तीन.

मुलाने सांगितलं की आम्ही खात नाही. ती बाई गोंधळली. काही चुकलं का, असं पुन्हा पुन्हा विचारू लागली. मग ओकामी स्वतः आली आणि वाकून माफी मागू लागली. चूक आमची आणि माफी ती मागत होती! ताटं जशी आली तशी परत गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण लहानपणापासून शिकतो की हिंसा स्वतः केली, दुसऱ्याकडून करवली किंवा तिला अनुमोदना दिली, तरी दोष लागतोच. मन, वचन, काया हे तीन आणि कृत, कारित, अनुमोदना हे तीन, असे नऊ प्रकार आपण पाठ म्हणतो. मी तोंडात घास घातला नव्हता हे खरं. पण ताट मागवलं होतं मी आणि पैसे दिले होते मी. याला कारित नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

ही गोष्ट मी एका मैत्रिणीला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "अगं, त्यांनी मासे आणलेच असते, तू खा नाहीतर नको खाऊ." मी कॉमर्सची पदवीधर, हिशेब मला कळतो. रियोकान म्हणजे उपाहारगृह नव्हे. तिथे आज किती पाहुणे जेवणार ते मोजून बाजार होतो आणि माणशी एक ताट लागतं. म्हणूनच आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. आमची तीन नावं त्या मोजणीत होती. ते तीन मासे आमच्याच खात्यावर पडले.

कुणी म्हणेल, मग तिथे राहायचंच कशाला? त्यांच्या स्वयंपाकघरात रोज मासे शिजतातच. मला हे पटत नाही. या हिशेबाने विमानातही बसता येणार नाही आणि आपल्या शहरातल्या हॉटेलातही उतरता येणार नाही. जगात जे चाललंय ते सगळं माझ्या हातात नाही, पण माझ्या मागणीवरून, माझ्या नावाने जे होतं ते नक्की माझ्या हातात आहे. रेघ मी तिथे ओढते.

दुसरा पर्याय काहीजणी सुचवतात, की त्यांनाच आपल्यासाठी वेगळं करायला सांगावं. विचारायला हरकत नाही, पण हट्ट नको. त्यांच्या बहुतेक पदार्थांचा पाया दाशी नावाचं पाणी असतं, आणि ते बहुतेकदा समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून करतात. सूपमध्ये तेच आणि नुसत्या उकडलेल्या भाजीतही तेच. त्यामुळे 'भाजी' म्हणून पुढे आलेलं ताटही आपलं नसतं. वर आपल्याला कंदमूळ नको, अळंबी नको, सूर्यास्तानंतर नको. इतकं सगळं परक्या बाईच्या चुलीवर लादून मग ताटात संशयाने बघत बसायचं, याला मी पाहुणचार घेणं म्हणत नाही.

कोयासानच्या बौद्ध मठांतही पाहुण्यांची सोय असते. हे ठिकाण ८१६ सालापासूनचं, आणि आज तिथले पन्नासेक मठ उतरायला जागा देतात. जेवणात मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. हे वाचून मला फार आनंद झाला होता. पण मुळा, गाजर, कमळकंद, अळंबी असतातच, आणि तिथलं प्रसिद्ध तिळाचं तोफू कुझु नावाच्या वेलीच्या मुळाच्या सत्वाने घट्ट करतात. ज्या घरी कंदमुळं चालतात त्यांनी जरूर जावं. आपल्यासारख्यांनी तिथेही आधी विचारून मगच ठरवावं.

मग करायचं काय? पुढच्या वर्षी आम्ही केलं ते सांगते. जपानीत 'सुदोमारि' असा शब्द आहे. म्हणजे फक्त मुक्काम, जेवण काहीच नाही. क्योतोला आम्ही तसं छोटं रियोकान घेतलं. न्याहारीही घेतली नाही, कारण तिच्यातही मासा आणि तेच दाशीचं सूप असतं. पहिल्या वेळी माणशी २६,००० येन दिले होते, या वेळी ११,५०० लागले. जागा वेगळी, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही, पण न खाल्लेल्या अन्नाचे पैसे वाचले हे नक्की. सगळी रियोकानं हे देत नाहीत आणि हंगामात तर कमीच, म्हणून चार-सहा महिने आधी शोधायला लागा. खोलीत आपला कोरडा खाऊ खाल्ला तर चालेल का, हेही आधी लिहून विचारा. ताजी फळं इथून नेऊ नका, तिथले नियम कडक आहेत. पर्सिमॉन, संत्री, सफरचंदं तिथेच घ्या.

"जेवणच नाही तर रियोकानचा आत्माच गेला," असं आमचे हे म्हणाले होते. पण सहाला सगळे पाहुणे जेवायला बसले आणि स्नानघरात मी एकटी! लाकडाचा वास, गरम पाणी, कुठे आवाज नाही. मग आम्ही एइकान्दो मंदिरात दिव्यांच्या उजेडातली पानं बघायला गेलो. वारा आला की पाच-सात पानं तळ्यात पडायची. अनित्य भावना आपण वर्षानुवर्षं म्हणतो. त्या तळ्याकाठी मी ती न म्हणताच उभी राहिले, पण मनात सल नव्हता. आदल्या वर्षी याहून सुंदर पानं होती आणि मला त्यातलं काही आठवत नाही, फक्त तीन ताटं आठवतात.

निघताना ओकामी दारापर्यंत आली आणि आम्ही वळेपर्यंत वाकून उभी राहिली. या वेळी तिला माफी मागायचं काही कारण आम्ही दिलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी जाऊन आलं असेल तर काय केलंत ते जरूर कळवा.

जय जिनेंद्र.