रिंगणातील मेंढ्या आणि माळावरचे कुरण

आषाढी वारीसाठी देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी बारामती सोडून काटेवाडीत येते, तेव्हा परीट समाजाची मंडळी तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मेंढपाळ आपल्या मेंढ्या पालखीभोवती धावत्या सोडतात. पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीला गोल रिंगण होते. पताकाधारी, डोईवर तुळस घेतलेल्या स्त्रिया, विणेकरी, टाळकरी धावतात आणि मग अश्व धावतो. येथे तिकीट नाही, रंगमंच नाही. पाहणारा फुगडीत केव्हा ओढला जाईल याचा नेम नाही. कला ही विकत घेण्याची वस्तू झालेल्या काळात लाखो कष्टकरी स्वतःच्या आनंदासाठी गातात-नाचतात आणि त्यांच्या भाकरीची तजवीज वाटेवरची गावे करतात. या व्यवहाराला केवळ भाबडी श्रद्धा म्हणून नाक मुरडणे हा पुरोगामी कार्यकर्त्यांचा करंटेपणा ठरेल.

परंतु रिंगणातील समता रिंगणाबाहेर आपोआप येत नाही, हेही तितकेच खरे. एका दिंडीत सोबत चालणाऱ्या ब्राह्मण व मराठा वारकऱ्यांच्या पंगती वेगळ्या बसत, ही सल इरावती कर्वे यांनी आपल्या वारीवरील लेखात नोंदविली आहे. नारायणमहाराजांनी पालखी सोहळा सुरू केला तो १६८५ साली. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले होण्यास १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. भजनाने मने मऊ केली असतील. दार उघडले ते सत्याग्रहाने.

आज तोच प्रश्न काटेवाडीच्या मेंढ्या विचारीत आहेत. पालखीचा बराचसा मार्ग नीरा डाव्या कालव्याने हिरव्या केलेल्या पट्ट्यातून जातो. या पाण्यावर ऊस उभा राहिला, माळेगाव-भवानीनगरचे साखर कारखाने उभे राहिले. कालव्याची कृपा न झालेल्या जिरायत भागात वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथे मेंढी हेच धनगराचे भांडवल आणि गवताळ माळ हीच त्याची शेती. सरकारी दप्तराने मात्र या माळाला ‘पडीक’ ठरविले. पडीक म्हटले की त्यावर वृक्षलागवड करावी, कुंपण घालावे, उद्योगास द्यावे; मेंढपाळाला विचारण्याचे कारणच उरत नाही. मग पावसाळा सरताच कळपासह कोकणाची वाट धरायची आणि वाटेत कुंपणांशी, वनरक्षकांशी, भरधाव वाहनांशी झुंजायचे, हेच त्याच्या नशिबी येते.

ज्या मेंढीला पालखीभोवती धावण्याचा मान मिळतो, तिला उरलेले ३६४ दिवस चरण्यास जागा नसावी, ही विसंगती भक्तीने झाकली जाणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या चराईच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. गायराने वाचविण्यासाठी ग्रामसभेचे व्यासपीठ आहे. उणीव आहे ती दावे भरून घेणाऱ्या, पुरावे गोळा करणाऱ्या, पाठपुरावा करणाऱ्या माणसांची.

बारामती-इंदापूरच्या साथींनी वारीत जरूर चालावे, टाळही हाती घ्यावा. मात्र पालखी पुढे गेल्यावर त्यांनी काटेवाडीच्या पलीकडच्या माळावर जावे. तेथील मेंढपाळाच्या नावे चराईचा हक्क कागदावर चढेल, त्या दिवशी रिंगण खऱ्या अर्थाने पुरे होईल.