माहेरावरून होडी

दिवाळी अंकातल्या या पानावर दर वर्षी एका सहलीचा बेत सांगायचा, हा आमचा शिरस्ता. वाचकांच्या अटीही आता पाठ झाल्या आहेत: जागा फार लांब नको, खर्च फार नको, म्हाताऱ्यांना चढ नको आणि मुलांना कंटाळा नको. या खेपेला चारही अटींत बसणारा मुलूख सांगतो. बारामती आणि इंदापूर. पुण्याहून सकाळी निघावे, एक रात्र राहावे, दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला घरी परतावे.

बेत मुळात आमच्या नातवाचा. त्याने शाळेत रोहित पक्ष्याचे चित्र काढले होते आणि ते गुलाबी पक्षी भिगवणला खरेखुरे पाहायला मिळतात, असे बाईंनी त्याला सांगितले होते. जेवताना त्याने हे जाहीर केले आणि ताटावरची सगळी मंडळी एकदम गप्प झाली. भिगवणचे नाव आमच्या घरात सहसा निघत नसे. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर त्या बाजूचे. भीमेच्या काठचे पळसदेव. उजनी धरणाचे काम १९६६ साली सुरू झाले, १९८० साली पुरे झाले. पाणी चढत आले तेव्हा ही अठरा-एकोणीस वर्षांची होती. भाऊ नोकरीनिमित्त पांगले, दुसरीकडे मिळालेली जमीन यथावकाश विकली गेली आणि हिचे माहेर उरले ते बोलण्यापुरते. सोलापूरच्या गाडीत बसलो की भिगवण येताच ही डोळे मिटून घेई, ते नदीवरचा पूल मागे पडेपर्यंत. मी कधी विचारले नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात काही प्रश्न न विचारण्याचेच असतात.

"जाऊ या की," ही म्हणाली, आणि पोळी वाढायला उठली.

२६ जानेवारी २०२४ शुक्रवारी आली होती. चिरंजीवांची मोटार, सूनबाईंच्या पिशव्या, दोन नातवंडे आणि आम्ही दोघे. सासवड, जेजुरी करीत मोरगावला आलो. अष्टविनायकांतले हे पहिले स्थान कऱ्हेकाठी, बारामती तालुक्यातच आहे. चार कोपऱ्यांना चार मनोरे असलेल्या तटाआड मयूरेश्वर बसला आहे आणि गणपतीच्या देवळासमोर चक्क मोठा नंदी! शंकराच्या देवळाकडे नेताना तो इथे टेकवला आणि पुन्हा उठेचना, अशी कथा सांगतात. आमच्या पाच वर्षांच्या नातीला ती फार पटली. दमल्यावर तीही तेच करते. सुप्याच्या अभयारण्यात चिंकारा हरणे दिसतात, पण ऊन चढल्यावर तिकडे वळण्यात अर्थ नाही. ज्यांना हरणे हवीत त्यांनी पहाटे निघावे.

बारामतीत शिरताना मुलांना एक गोष्ट जरूर दाखवावी. कालव्याच्या अलीकडे कुसळे आणि पलीकडे ऊस. भाटघरचे पाणी घेऊन नीरेचा डावा कालवा इंग्रजी अमदानीत, गेल्याच्या आधीच्या शतकात इकडे आला आणि तेव्हापासून या मुलखाचे दोन रंग झाले. पाणी कुठे जाते त्यावर माणसाचे नशीब, हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा इथे लवकर कळते.

बारामती म्हणजे मोरोपंतांचे गाव. पंत जन्माने पन्हाळ्याचे (१७२९), पण बाबूजी नाईकांच्या आश्रयाने इथे आले आणि १७९४ साली इथेच वारले. त्यांनी १०८ रामायणे रचली असे म्हणतात. हे ऐकताच नातवाने रास्त शंका काढली, "एकच गोष्ट इतक्या वेळा कशाला?" त्यावर ही म्हणाली, "तुझी आई तुला अभ्यासाला बस म्हणून दिवसातून किती वेळा सांगते?" सूनबाई हसल्या, बहुधा मनापासून.

त्या रामायणांतले एक 'निरोष्ठ' आहे. ओठाला ओठ न लावता म्हणायचे. प, फ, ब, भ, म ही अक्षरेच वर्ज्य. म्हणजे रामायणात 'राम' म्हणायची सोय नाही! मोटारीत हा खेळ तासभर पुरला. 'बारामती' म्हणता येत नाही, 'मोरोपंत' तर नाहीच. 'बाबा' बाद, 'आजोबा' बाद. 'आई' आणि 'आजी' तेवढ्या टिकल्या. लांबच्या प्रवासात मुले कुरकुरू लागली की हा खेळ काढावा, खर्च शून्य.

मुक्काम एका शेतावर केला. पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास बारामतीजवळ पळशीवाडीला कृषिपर्यटनाचा पाया घातला, तेव्हा शेत बघायला पैसे देऊन कोण येणार, असे लोकांना वाटले असल्यास नवल नाही. आता अशी शेते या भागात बरीच झाली आहेत. बैलगाडीतून फेरी, विहिरीवरची आंघोळ, चुलीवरची भाकरी. काही ठिकाणी गावपणाचे जरा नाटक होते, हे कबूल केले पाहिजे. आम्हालाही फेटे बांधायला आणले होते. पण हुरडा नाटकाचा नव्हता. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली गूळभेंडीची कणसे, लसणाची चटणी, गूळ, दही. कणसे हातात घेऊन आम्ही पुणेकर फुंकरच मारत बसलो आणि हिने मात्र तळहातावर कणीस चोळून, एका फुंकरीत कोंडा उडवून मुलांच्या ओंजळी भरायला सुरुवात केली. हात थांबेना.

शेतावरची बाई बघतच राहिली. "आजी, माहेर कुठलं म्हनायचं तुमचं?"

"पुण्याचीच आहे मी," ही म्हणाली.

मी आगटीकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून उजाडताना कुंभारगावला पोचलो. भिगवणजवळची कुंभारगाव आणि डिकसळ ही पक्षी पाहण्याची मुख्य ठिकाणे. सूर्य वर येण्याआधी होडीत बसावे. नऊ वाजल्यानंतर जाणे म्हणजे तमाशा संपल्यावर कनात पाहणे. थंडी असते, कानटोपी घ्यावी, आणि दुर्बीण शेजाऱ्याकडून का होईना, मागून न्यावी.

पाणी आरशासारखे होते. पट्टकादंब नावाचे हंस हिमालय ओलांडून आलेले, चित्रबलाक, चमचे, पाणकावळे आणि मग उथळ पाण्यात ती गुलाबी रेघ. रोहित पक्षी चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो. शेवाळातले आणि बारीक जलचरांतले रंगद्रव्य अंगात भिनून तो गुलाबी होतो. पिल्ले करडीच असतात. नातू बोलायचा थांबला, यावरून काय ते समजावे.

शेजारच्या होडीतले लोक कुरव पक्ष्यांना शेव-गाठी उधळत होते आणि आपल्या नावाड्याला "जवळ घ्या, उडवा उडवा" म्हणत होते. फोटो चांगला येतो म्हणे. वाचकहो, एवढे मात्र करू नका. हजार कोस उडून आलेल्या पाहुण्याला पोटभर जेवू द्यावे.

आमचा नावाडी चाळिशीचा, मितभाषी. त्याने वल्हे थांबवून सहज विचारले, "पाव्हणं कुठलं?" चिरंजीव म्हणाले, "पुणे." आणि तेवढ्यात ही, पाण्यात बोटे सोडून बसलेली, म्हणाली, "पळसदेव."

"जुनं का नवं?"

त्या प्रश्नाने हिने मान वर केली. इतक्या वर्षांत तो प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. नवे पळसदेव वर सोलापूरच्या रस्त्यावर वसले आहे, नकाशात तेवढेच.

"जुनं," ही म्हणाली.

"मग तुमचं गाव पार तिकडं, खालच्या अंगाला," त्याने वल्ह्याने दाखवले. "आमचं हितंच, होडीखाली. माझा जल्म पान्यावरचाच. आज्जा सांगायचा, हितं वढा हुता, हितं वावर." मग दोघे बोलत राहिले. कुठली विहीर गोडी, कुठल्या घाटावर धुणे, यात्रेला गाड्या कुठे सुटायच्या. आम्ही बाकीचे त्या होडीत परके होतो. नातवाने हळूच विचारले, "आजी, तुझ्या घरावर मासे राहतात?" सूनबाईंनी त्याला चिमटा काढला, पण ही म्हणाली, "हो रे. आम्हीच त्यांना भाड्याने दिलंय."

नावाड्याने भाडे मात्र पुरते घेतले, आणि योग्यच केले.

दुपारी भिगवणला जेवलो. इथला चिलापी मासा प्रसिद्ध आहे, तळलेला झकास लागतो. हिने तो बाजूला सारला. "हा आमच्या नदीतला नव्हे. आमच्याकडे मरळ आणि वांब." खरेच आहे, चिलापी मूळचा आफ्रिकेचा, मागाहून आणलेला. शिवाय या जलाशयात मुळा-मुठेचे पाणी येते, म्हणजे आम्हा पुणेकरांचे सांडपाणीही येते. बिल देताना ते आठवले आणि मी गप्प बसलो.

ज्यांना आणखी अर्धा दिवस आहे त्यांनी इंदापूर करावे. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इथल्याच लढाईत पडले. त्यांची गढी गावात आहे. तालुक्याच्या टोकाला नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर, तिथली मूर्ती प्रल्हादाने वाळूची केली असे मानतात. आषाढात गेलात तर तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, मुलांना ते आयुष्यभर आठवेल. आम्ही यातले काही पाहिले नाही. ही म्हणाली, घरी चला.

सहल इथे संपली, पण हकिगत पुढे आहे.

२०२३ चा पाऊस कमी झाला होता, धरण पुरते भरलेच नव्हते. उजनीत सगळे मिळून सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातले निम्म्याहून जास्त मृत साठ्यात जाते. म्हणून वर्तमानपत्रात 'उजनी उणे अमुक टक्के' असे छापून येते. पूर्वी ही बातमी आमच्या घरी कोणी वाचत नसे. त्या उन्हाळ्यात ही रोज वाचू लागली. उणे वीस. उणे चाळीस. मेच्या अखेरीस एका सकाळी म्हणाली, "अहो, पळसनाथाचं देऊळ उघडं पडलंय. आपण दोघंच जाऊ. एस.टी.नं."

गेलो. रस्त्यापासून पाण्यापर्यंत चालत, पुढे थोडे होडीने. भेगाळलेल्या गाळात ते काळ्या दगडाचे जुने देऊळ उभे होते, खांबांवर शिंपले चिकटलेले, आसपास वीरगळ कलंडलेले. बघायला आलेली बरीच माणसे होती, मोबाईलवर फोटो काढीत. ही सभामंडपात शिरली आणि थबकली. "केवढासा आहे हो! मला वाटायचं, यात अख्खी जत्रा मावते."

घर शोधायला तासभर गेला. देवळाच्या पाठीमागून इतकी पावले, मग डावीकडे. ती मोजायची, चुकायची, पुन्हा देवळाशी यायची. अठराव्या वर्षीची पावले आणि चौसष्टाव्या वर्षीची पावले सारखी पडत नाहीत. शेवटी जोत्याचे चार दगड एका ओळीत दिसले. आमचेच असतील असे ती म्हणाली नाही. त्यांतल्या एकावर बसली, पिशवीतून दशम्या काढल्या आणि मला म्हणाली, "बसा की. लग्न झाल्यापासून सासरेबुवांकडे जेवायला आला नाहीत."

पाऊस त्या वर्षी दणकून झाला. उणे साठाच्या घरात गेलेली उजनी ऑगस्टच्या सुरुवातीला भरली सुद्धा. सकाळच्या चहाला हिने बातमी मोठ्याने वाचली, "शंभर टक्के." चष्मा काढून पुसला, घडी घालून वर्तमानपत्र माझ्याकडे सरकवले. नातू बाजूलाच होता.

"आजी, म्हणजे पक्षी आता कधी येणार?"

"पाणी उतरू दे जरा," ही म्हणाली. "जानेवारीत जाऊ. त्या नावाड्याचा नंबर घेऊन ठेवलाय मी."