मानेशी नीट, पायांशी रिकामा

झाशीतल्या मराठी घरांमधली मुलं सुट्टीत कोकणात नातेवाइकांकडे जातात, तारकर्लीला स्कुबा शिकून येतात आणि पुढे शिक्षणासाठी इंग्लंड, नॉर्वे किंवा स्कॉटलंड गाठतात. मग तिकडून फोन येतो, “काका, नवा ड्रायसूट घेतोय, कोणता घेऊ?” मी थंड पाण्यात बरीच वर्षं उतरलो आहे, म्हणून मला विचारतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही हे लिहितो आहे.

आधी सांगा, उतरणार कुठे? तारकर्ली, गोवा, नेत्राणी, अंदमान असं उत्तर असेल तर ड्रायसूट घेऊ नका. तिथलं पाणी उबदार असतं, तीन मिलिमीटरचा साधा वेटसूट पुरतो. ड्रायसूट घालून होडीत उन्हात बसलात तर पाण्यात उतरण्याआधीच घेरी येईल. आणि तो घालून बेतवा नदीत तर मुळीच उतरू नका, ओरछ्याला नाही आणि माताटिला धरणापाशीही नाही. पाणी गढूळ असतं, आणि धरणाची दारं उघडली की प्रवाह बघता बघता बदलतो. आपल्याकडे अशा सुटाचा खरा उपयोग एकच आहे. बुडालेल्या माणसाचा शोध घ्यायला नाल्यात, सांडपाण्यात जो पाणबुड्या उतरतो, त्याला रबरी, टोपी जोडलेला सूट आणि पूर्ण चेहरा झाकणारा मास्क मिळायला हवा. इथली माणसं नुसत्या बनियनवर अशा पाण्यात उतरतात, ते पाहवत नाही. कुणाला दान द्यायचं असेल तर त्यासाठी जरूर द्या. पण सुटाबरोबर प्रशिक्षणाचेही पैसे द्या. न शिकवता दिलेला ड्रायसूट त्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

तुम्ही लेस्टरशायरच्या स्टोनी कोव्ह या जुन्या खाणीत उतरणार असाल, 1919 साली बुडवलेल्या जर्मन आरमाराची जहाजं बघायला ऑर्कनीच्या स्कापा फ्लोला जाणार असाल, किंवा आइसलंडच्या सिल्फ्रा भेगेत 2 ते 4 अंशांच्या पाण्यात जाणार असाल, तर मात्र ड्रायसूट हवाच. पाणी अंगातली ऊब हवेच्या वीसपंचवीस पट वेगाने ओढून घेतं. वेटसुटात पाण्याचा पातळ थर शिरतो आणि अंगाच्या उबेने कोमट होतो. ड्रायसूट पाणी आत येऊच देत नाही, आत राहते ती हवा. ही हवाच तुम्हाला उबदार ठेवते आणि सांभाळली नाही तर हीच हवा घात करते.

कापडात फार अडकू नका. तीन थरांचं पातळ कापड, म्हणजे ट्रायलॅमिनेट, हलकं असतं आणि लवकर वाळतं, पण त्याला स्वतःची ऊब नसते. निओप्रीन उबदार असतं, पण जड, आणि वाळायला वेळ घेतं. विमानाने ये-जा करणाऱ्याने मी सांगतो म्हणून पहिलं घ्यावं. रंग कोणताही चालेल. आत मात्र सुती कपडे कधीच नकोत, घामाने ओले झाले की ते गार पडतात. लोकर किंवा फ्लीसचा अंतर्सूट घ्या आणि तो घालूनच दुकानात माप द्या. माप घेताना उकिडवे बसा, दोन्ही हात डोक्यावरून मागे न्या, सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत बोटं पोचतात का ते बघा. पोचत नसतील तर सूट कितीही स्वस्त मिळत असला तरी सोडून द्या.

आता मानेकडे या, कारण लोक इथेच चुकतात. मानेचं सील, म्हणजे गळ्याभोवती पाणी अडवणारी कड, सैल असलं तर पाणी आत येतं, हे सगळ्यांना कळतं. ते फार घट्ट असलं तर मानेतल्या रक्तवाहिन्यांवर दाब येतो, नाडी मंदावते, चक्कर येते, शुद्धही जाऊ शकते. पाण्याखाली हे होऊ देता येत नाही. नवं सील घट्टच असतं. लेटेक्सचं असेल तर कडेची एकेक बारीक रिंग कापत जा आणि दर वेळी घालून बघा, एकदा जास्त कापलं गेलं तर ते जोडता येत नाही. निओप्रीनचं कापू नका, मानेपेक्षा जरा मोठ्या गुळगुळीत स्टीलच्या डब्यावर रात्रभर ताणून ठेवा. घरात दहा मिनिटं घालून बसा. डोकं जड वाटलं, कानशिलं ठणकली, तर ते सील अजून तुमच्या मापाचं झालेलं नाही.

मनगटाचं सील चढवण्याआधी अंगठ्या, कडं, बांगड्या, घड्याळ काढा, नखंही कापा. आणि नाडाछडी सोडा, जिला इथे सगळे कलावा म्हणतात. पूजेची म्हणून ती मनगटावर राहू देण्याकडे आपला कल असतो, पण सिलाखाली दोरा असला की वातीसारखा तो पाणी आत ओढत राहतो. मी एकदा तशीच ठेवली होती. अर्ध्या तासात बाही कोपरापर्यंत भिजली आणि बोटं इतकी बधिर झाली की बकल सोडवता येईना. डाइव्ह तिथेच सोडावी लागली. घरी देवापाशी ठेवा, परत आल्यावर बांधा.

पाण्यात गेल्यावर काय होतं तेही समजून घ्या. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो आणि आतली हवा निम्मी होते. सूट अंगाला आवळतो, चिमटे बसतात. छातीवरचं बटण दाबून थोडी हवा आत घ्यायची, फक्त आवळणं थांबेल इतकीच. वर येताना हीच हवा फुगते, 10 मीटरवरून पृष्ठभागापर्यंत दुप्पट. ती डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून सोडावी लागते, आणि त्यासाठी कोपर वर धरावं लागतं. डोकं खाली झालं तर हवा पायांत जाते. पायांकडे व्हॉल्व्ह नसतो. पाय फुग्यासारखे वर ओढले जातात, फिन्स निसटतात आणि माणूस उलटा वर फेकला जातो. यावर उपाय आहे. गुडघे पोटाशी घ्या, गोलांटी मारून डोकं वर आणा, आणि लगेच हवा सोडा. हे वाचून येत नाही. प्रशिक्षकाबरोबर पाच-सहा मीटर पाण्यात, अंगवळणी पडेपर्यंत, मुद्दाम उलटं होऊन करा. हवा आत घेणारं बटण अडकलं तर नळी सुटापासून कशी सोडवायची, तेही हातमोजे घालून करून बघा. शिकण्यासाठी कोर्स असतो, सुटाच्या किमतीतच त्याचे पैसे धरा. पैसे कमी पडत असतील तर भाड्याचा सूट घ्या आणि कोर्स करा.

ड्रायसुटात खाली जाण्यासाठी लावायची वजनंही बदलतात. सिलिंडर जवळजवळ रिकामं असताना 5 मीटरवर स्थिर राहता येईल इतकंच वजन घ्या, त्याहून जास्त नको. आणि आणखी एक, मुलींनो आणि मुलांनो: सूट काढायचा कंटाळा म्हणून पाणी पिणं टाळू नका. शरीरात पाणी कमी असलं तर डीकम्प्रेशनच्या आजाराचा धोका वाढू शकतो.

सुट्टीत सूट झाशीला आणलात तर तो माळ्यावर टाकू नका. मे महिन्यात इथे पारा 45 च्या पुढे जातो आणि पत्र्याखाली त्याहूनही जास्त. लेटेक्स ऊन-उष्णतेने चिकट होतं, मग तडकतं. गोड्या पाण्याने धुऊन, आतून-बाहेरून सावलीत वाळवून, सिलांना बिनवासाची टाल्क लावून, धातूच्या झिपेच्या दातांवर मेण चोळून, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत सैल गुंडाळून ठेवा, घड्या घालू नका. परत जायच्या महिनाभर आधी मानेचं सील दोन्ही हातांनी हलकं ताणून उजेडात धरा. बारीक भेगा दिसल्या किंवा बोटांना चिकटलं, तर पाण्यात नेण्याआधी नवं बसवून घ्या.