जुनी नोट म्हणजे लॉटरी नव्हे! भाव नेमका कशावर ठरतो?

‘घरातली जुनी नोट विका आणि लखपती व्हा’, अशा जाहिराती मोबाइलवर सतत दिसतात. त्यांचा सगळा भर एकाच समजावर असतो : नोट जितकी जुनी, तितकी महाग. हा समज किती पोकळ आहे, ते अमेरिकेतल्या ‘नॅशनल बँक नोटां’वरून कळतं.

काय होत्या या नोटा?
१८६३च्या कायद्यानंतर १९३५ पर्यंत अमेरिकेत गावोगावच्या बँकांच्या नावाने नोटा निघत. बँकेने सरकारी रोखे तारण ठेवायचे आणि त्या बदल्यात स्वतःच्या नावाच्या नोटा मिळवायच्या, अशी पद्धत होती. नक्षी सारखीच, पण त्यावर बँकेचं नाव, गाव आणि सनद क्रमांक असे. अशा नोटा काढणाऱ्या बँका १२ हजारांहून अधिक होत्या.

भाव कशावर ठरतो?
शिल्लक किती : छापल्या किती यापेक्षा आज उरल्या किती, हे महत्त्वाचं. कोणत्या बँकेच्या किती नोटा सापडल्या, याच्या याद्या अभ्यासकांनी केल्या आहेत.
गाव कोणतं : न्यूयॉर्कच्या बड्या बँकेची नोट सहज मिळते. अलास्का किंवा हवाईतल्या बँकेच्या नोटेसाठी मात्र चढाओढ लागते.
प्रकार : आडवा ‘२’ आकडा असलेल्या सुरुवातीच्या २ डॉलरच्या नोटेला वेगळाच मान आहे.
अवस्था : घडी, डाग, फाटलेली कड यांनी भाव घसरतो. धुऊन, इस्त्री करून ‘नवी’ केलेली नोटही जाणकार ओळखतात.

म्हणूनच १९२९च्या मालिकेतली, एखाद्या आडगावच्या बँकेची नोट तिच्याहून कितीतरी जुन्या नोटेला मागे टाकू शकते. वय हा फार तर एक मुद्दा. निकाल लावते ती दुर्मिळता आणि मागणी.

आपल्यासाठी धडा
भारतातल्या नोटांनाही हाच न्याय लागू पडतो. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण शुल्क किंवा कमिशन घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केलं आहे. तरीही ‘नोंदणी शुल्क’ भरून लोक फसतात. खरा संग्राहक नोट पाहतो, तपासतो आणि पैसे देतो. आधी पैसे मागणाऱ्याला तुमची नोट नको असते, तुमचं बँक खातं हवं असतं.